कमी बजेटमध्ये कस्टम प्रिसिजन बोल्ट अ‍ॅक्शन रायफल: नागपुरात बसून काही जमतं का?

हिंगणा_टर्नर
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत सीएनसीवर आहे, मेकॅनिकल डिप्लोमा. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ मारलं तेव्हापासून डोक्यात किडा घुसलाय. त्यात यूट्यूबवर अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघत बसतो, एका कंपनीची अ‍ॅक्शन (म्हणजे बोल्ट हातानं ओढून गोळी भरायची यंत्रणा), दुसरीची बॅरल, अ‍ॅल्युमिनियमचं चेसिस (सगळं ज्यात बसतं तो सांगाडा), हलका ट्रिगर, वर स्कोप, आणि शेवटी तो बाबा म्हणतो बघा हजार डॉलरात शंभर यार्डावर अर्ध्या इंचाचा ग्रुप. आपण रोज मायक्रॉनमध्ये काम करतो, मग आपल्याला काहून जमू नये असं वाटतं. बजेट लाख, ताणून सव्वा लाख. प्रश्न दोन आहेत. एक, भारतात लायसन घेऊन असे पार्ट जोडून रायफल बनवता येते का? आणि दोन, येत नसेल तर ह्या पैशात अचूक नेमबाजीचा नाद कसा करायचा? शिकारबिकार काही नाही, कागदावर भोकं पाडायची आहेत फक्त.

तर्रीबाज
कागदावर भोकं पाडायला पंचिंग मशीन घे बे. सव्वा लाखात आख्ख्या सिव्हिल लाईन्सच्या फायली पंच करून होतील.

कामठीरोडचे_काका
तर्रीबाज, थांब जरा. पोराला पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं पाहिजे, नाहीतर कोणीतरी "चालतं रे, कोण बघते" म्हणून जाईल.

नाही बनवता येत. शस्त्र अधिनियम १९५९. कलम ३ म्हणजे बाळगायचं लायसन, आणि कलम ५ म्हणजे बनवणे, विकणे, दुरुस्त करणे ह्याचं लायसन, दोन्ही वेगळी. तुझ्याकडे रायफलचं लायसन असलं तरी बनवायचा अधिकार त्यातून येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आणि आता तू विचारशील की आख्खी नाही, नुसती बॅरल टर्न केली तर? कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच सुटे भाग येतात, इतकंच काय ते बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे तुझ्या मालकाचं मशीनही पंचनाम्यात जाईल. माझी आख्खी नोकरी ह्याच खात्यात झाली, घाबरवायला सांगून राह्यलो असं समजू नको.

हिंगणा_टर्नर
काका, बॅरलचं विचारणारच होतो, तुम्ही आधीच दार लावलं. ठीक आहे, तो विषय संपला. मालकाचं मशीन वाचलं.

धंतोली_ते_ह्यूस्टन
मी मूळचा धंतोलीचा, बरीच वर्षं टेक्सासात. तू जे व्हिडिओ बघतोस तो प्रकार इथे मी स्वतः केलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो, निदान ते हजार डॉलरचं गणित तरी कळेल.

आधी हे की इथे हे घरी का जमतं. अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे रिसीव्हर, अ‍ॅक्शनची मुख्य बॉडी, जिच्यावर सिरियल नंबर असतो. ती दुकानातून नवी घ्यायची तर परवानाधारक दुकानदाराकडूनच, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो. बाकी बॅरल, स्टॉक म्हणजे दस्ता, ट्रिगर हे सगळं कुरियरनं घरी येतं. आपल्याकडे सुटा भागही शस्त्र, त्यामुळे मुळातच तुलना होत नाही.

आता पैसे. व्हिडिओतल्या हजार डॉलरात स्कोप बहुतेक वेळा धरलेला नसतो, रिंगा नसतात, आणि त्या माणसाकडे टॉर्क रेंच, गेज, बॅरल व्हाइस आधीपासून असतात ते तो मोजतच नाही. बजेटवाले लोक साधारण दोन वाटांनी जातात. एक म्हणजे सॅव्हेज कंपनीची रायफल. तिची बॅरल एका नटनं लॉक होते, त्यामुळे चेंबर कापलेली तयार बॅरल आणून, गो आणि नो-गो गेजनं हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि चेंबरमधलं गोळीसाठीचं अंतर, तपासून बसवता येते, लेथवाल्या गनस्मिथची मजुरी वाचते. दुसरी म्हणजे रेमिंग्टन ७०० किंवा तिच्याच मापाची अ‍ॅक्शन. ही १९६२ पासून बाजारात आहे त्यामुळे तिला बसणारे स्टॉक, ट्रिगर, चेसिस ढिगानं मिळतात.

पण खरं सांगू का, अचूकपणा तीन जागी असतो. चांगली बॅरल, अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये ताण न येता बसलेली, आणि बॅरल पुढे कुठेही स्टॉकला न टेकणारी. कागदाची पट्टी बॅरलखालून चेंबरपर्यंत सरकवून बघायची, अडकली तर तिथे स्टॉक टेकतोय. बाकी चेसिसला भोकं किती आणि रंग कुठला हे फोटोसाठी.

आणि एक गंमत. मी एच वन बी व्हिसावर होतो तोवर मला बंदूक घ्यायची सोयच नव्हती, अपवाद एकच, शिकारीचं लायसन काढलं तर. आमच्या तीर्थरूपांना फोनवर सांगितलं की शिकारीचं लायसन काढतोय तर ते म्हणाले कोहळ्याची भाजी पचत नाही तुला, हरीण काय मारतो.

बर्फातला_वऱ्हाडी
ह्यूस्टनकर भाऊ, बाकी सगळं मान्य पण "बजेट बिल्ड" हा शब्दच मला पटत नाही. मी ओहायोत आहे. पार्ट पार्ट जोडून स्वस्त पडतं हा भ्रम आहे, आजच्या घडीला टिक्का किंवा बर्गारा कंपनीची तयार रायफल उचलायची, डब्यातून काढल्या काढल्या चांगल्या गोळीनं एक एमओएच्या आत मारते. एक एमओए म्हणजे शंभर मीटरवर साधारण २.९ सेंटिमीटर. टर्नर भाऊच्या व्हिडिओतला अर्ध्या इंचाचा ग्रुप तीन गोळ्यांचा असेल, लिहून घ्या. तीन गोळ्यांचा ग्रुप म्हणजे नशीब. दहा मारा म्हणावं, मग बघू.

धंतोली_ते_ह्यूस्टन
तीन गोळ्यांबद्दल शंभर टक्के. पण फॅक्टरी रायफलची बॅरल झिजली की करणार काय? ६.५ क्रीडमूर गोळीची बॅरल अडीच-तीन हजार गोळ्यांत थकते, .३०८ गोळीची त्याच्या दुप्पट चालते. बॅरल हा टायरसारखा झिजणारा माल आहे. सॅव्हेज असेल तर संध्याकाळी घरी बदलतो, नाहीतर गनस्मिथच्या रांगेत उभे राहा.

बर्फातला_वऱ्हाडी
तीन हजार मॅच गोळ्या म्हणजे चार-पाच हजार डॉलर झाले. एवढ्या गोळ्या मारणारा माणूस बजेटवाला राहिलाच कुठे. म्हणूनच इथले शहाणे लोक लहान बोअरच्या .२२ वर सराव करतात, सीझेड ४५७ सारखी बोल्ट अ‍ॅक्शन घ्यायची, गोळी काही सेंटांत, आणि वारा शिकवतो तो तेवढाच शिकवतो. टर्नर भाऊनं तिकडे काहीही घेतलं तरी ही गोष्ट लक्षात ठेवावी, रायफल एकदा घेतो माणूस, गोळ्या कायम.

पवनीचा_पाटील
आमच्याकडे आजोबाची .३१५ आहे, इच्छापूर फॅक्टरीची. तीही बोल्ट अ‍ॅक्शनच. ली एनफिल्डची बहीण. तिच्यावर स्कोप बसवता येईल का? रानडुकरं लय मातली.

कामठीरोडचे_काका
पाटील, डुकराचा विषय वनखात्याचा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात काय परवानगी लागते ते आधी तिकडे विचारा. पेंच-ताडोबाच्या मधे राहता तुम्ही, उगा अंगाशी येईल. स्कोपसाठी रिसीव्हरला भोकं पाडायची तर परवानाधारक गनस्मिथकडेच. एमआयडीसीत नाही. टर्नर, तुलाही सांगून राह्यलो, कोणी "भाऊ जरा ड्रिल मारून दे" म्हणत आलं तर हात जोडायचे.

पवनीचा_पाटील
बरं काका. तशीही ती शंभर मीटरवर परातीएवढा ग्रुप देते. डुकराले माहीत आहे, म्हणून पळत बी नाही.

दहा_पॉईंट_नऊ
दुसऱ्या प्रश्नावर अजून कोणीच आलं नाही म्हणून लिहिते. मी इथे नागपुरातच १० मीटर एअर रायफल मारते, राज्य स्पर्धांपर्यंत गेलेय, आता लहान मुलांना शिकवते.

टर्नर, तुमच्या बजेटात आणि कायद्यात बसणारी अचूक रायफल आहे, फक्त तिला बारूद लागत नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ म्हणजे ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल लायसनशिवाय घेता येते, दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत ठेवतो. मॅच रायफल ०.५३ ग्रॅमचा छर्रा साधारण १७५ मीटर प्रति सेकंदानं सोडते, हिशोब करा, ८ ज्यूल येतात. अर्ध्याहून खाली.

आणि "एअर गन म्हणजे जत्रेतले फुगे" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. १० मीटरच्या टार्गेटमधला दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. आख्खं टार्गेट ४५.५ मिमी. क्वालिफिकेशनला ६० शॉट, दशांशात मोजणी, सर्वोच्च शॉट १०.९. टेलिस्कोप नाही, पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघायचं. अभिनव बिंद्रानं २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण मारलं ते ह्याच प्रकारात. स्वप्नीलची जी ५० मीटर थ्री पोझिशन तुम्हाला आवडली ती .२२ वर असते, तिथे दहा १०.४ मिमीचा, पण लांबी पाचपट, त्यात वारा, आणि गुडघ्यावर, झोपून, उभं राहून अशा तीन पोझिशन.

.२२ साठी सरळ रस्ता म्हणजे मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सदस्यत्व. क्लबची रायफल क्लबच्या रेंजवर, देखरेखीखाली मारायची. पुढे स्कोअर झाला, राष्ट्रीय पातळीवर नेमबाज म्हणून मान्यता मिळाली की स्वतःची रायफल आणि गोळ्यांच्या कोट्याचा विषय येतो. लायसनचा अर्ज नागपूर शहरात असाल तर पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. पण तो फार पुढचा विषय. आधी हवा.

हिंगणा_टर्नर
ताई, हे वाचून बरं वाटलं आणि थोडं वाईटही. बोल्ट ओढायचा फील एअर रायफलमध्ये नाही ना येणार. पण अर्धा मिलिमीटर म्हणजे भारीच. मग सव्वा लाखात नेमकं काय घ्यायचं? स्प्रिंगवाली घेऊन तिलाच ट्यून करू का? आमच्याइथला एक जण म्हणतो जाड स्प्रिंग टाकली की दुप्पट ताकद.

दहा_पॉईंट_नऊ
त्या "एका जणाला" चहा पाजा आणि परत पाठवा. एक तर २० ज्यूलच्या वर गेलात की ती लायसनवाली वस्तू झाली, दुसरं म्हणजे ताकद वाढली की अचूकपणा बहुतेक वेळा कमीच होतो. स्प्रिंगरमध्ये ट्रिगर दाबल्यावर जड पिस्टन धाडकन पुढे जातो, रायफल आधी मागे आणि मग पुढे हलते, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत. म्हणून ती कशी धरली ह्यावर ग्रुप ठरतो. जाड स्प्रिंग म्हणजे हाच धक्का अजून मोठा.

मॅचसाठी पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधी भरलेली हवा. धक्का जवळजवळ नाहीच. देशी पीसीपी तुमच्या बजेटात येतात. जर्मन वॉल्थर किंवा फाइनवेर्कबाऊ नवी घ्यायची तर दोन-अडीच लाखांच्या पुढेच धरा, जुनी मिळाली तर सिलिंडरवरची तारीख आधी बघा, बनवल्यापासून दहा वर्षं झाली की तो स्पर्धेत घेत नाहीत आणि नवा महाग पडतो.

महाल_मास्तर
ताई, स्प्रिंगरवर एवढा राग नको. आम्ही त्याच्यावरच शिकलो. स्प्रिंगरवर जो सरळ मारतो तो कशावरही मारतो. पीसीपीनं पोरं लाडावतात, चुकीचा ट्रिगर दाबला तरी नऊ लागतो.

दहा_पॉईंट_नऊ
मास्तर, ही जुनी समजूत आहे, आदरानं सांगते. नवख्याचा शॉट आठला गेला तर तो त्याच्या ट्रिगरमुळे गेला की पिस्टनच्या धक्क्यामुळे हे त्याला कळतच नाही. पीसीपीवर चूक त्याचीच, बाकी कोणावर ढकलता येत नाही. शिकायला तेच हवं.

महाल_मास्तर
असेल. पण स्प्रिंग दाबून दाबून दंड कमावले ते स्प्रिंगरनंच.

तर्रीबाज
मास्तरांचे दंड पाहिले आहेत. स्प्रिंगरचा काही दोष नाही.

बजाजनगरची_आई
मधेच विचारते, माझी मुलगी आठवीत आहे, शाळेतल्या मैत्रिणीमुळे तिला हे शिकायचंय. रायफल सोडून अजून काय काय लागतं आणि किती खर्च येतो? शिवाय ते शिसं हाताला लागतं ना, त्याची भीती वाटते.

दहा_पॉईंट_नऊ
आई, सुरुवातीला काहीच घेऊ नका. आधी क्लबची रायफल, साधा ट्रॅक सूट, सपाट तळाचे बूट. तिला महिनोन्महिने उभं राहायला कंटाळा येत नाही हे दिसलं की मग जॅकेट आणि पँट. ते कडक कॅनव्हास-लेदरचं असतं, मापानं शिवून घेतलं तरच उपयोग, आणि कापडाच्या जाडीला नियमानं २.५ मिमीची मर्यादा आहे त्यामुळे "अजून जाड द्या" म्हणून उपयोग नाही. वाढत्या वयाच्या मुलीला महागडं जॅकेट घेऊ नका, वर्षात आखूड होतं. सेकंडहँड मिळतात, सिनियर मुलींना विचारा.

शिशाबद्दल तुमची काळजी बरोबर आहे. रेंजवर खाणं-पिणं बंद, छर्रे तोंडात धरायचे नाहीत, घरी गेल्यावर आधी साबणानं हात. एवढं पाळलं की झालं.

बजाजनगरची_आई
धन्यवाद. छर्रे तोंडात धरतात?? कोण??

महाल_मास्तर
आमच्या वेळी सगळेच.

गोकुळपेठ_सुतार
टर्नरनं "कस्टम" म्हटलं होतं त्यावर माझे दोन पैसे. भारतात कस्टम करायची जागा म्हणजे स्टॉक. मी फर्निचरवाला, पण एका क्लबच्या मुलांसाठी गालाचे ठोकळे, म्हणजे चीकपीस, आणि पकडीच्या मुठी करून दिल्या आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा सागवान आपल्याला सहज मिळतो म्हणून त्यातच करतो. पण सागवानात दोन खोड्या. त्यात सिलिका असते, राऊटरच्या बिटची धार बघता बघता जाते, आणि तेल असतं, फेव्हिकॉल काय इपॉक्सी काय, नीट धरत नाही. जोडायच्या आधी पृष्ठभाग थिनरनं किंवा अ‍ॅसिटोननं पुसायचा आणि लगेच चिकटवायचा, तासाभरानं नाही, तोवर तेल परत वर येतं.

मूठ करताना मुलीच्या हातात ओली माती... माती नाही, गाडीचा पुट्टी असतो ना तो, प्लास्टिकच्या पिशवीत घालून धरायला दिला, जसा दाबला तसा वाळू दिला आणि त्यावरून लाकूड कोरलं. अंगठ्याच्या बुडाशी तिचा हात जरा पोकळ होता, तिथे दोन मिलिमीटर उचलून ठेवलं. तिचे प्रशिक्षक म्हणाले आता मनगट वळत नाही.

दहा_पॉईंट_नऊ
हे महत्त्वाचं लिहिलंत. लोक रायफलवर लाख घालतात आणि फॅक्टरीच्या सेटिंगवर मारतात. टर्नर, डोळा पीपसमोर आपोआप आला पाहिजे, मान खाली घालून शोधायला लागू नये. गालाची उंची, खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटची लांबी, साइट वर उचलणारे रायझर, वजन पुढे की मागे, हे सगळं जुळवायचं, एकूण वजन ५.५ किलोच्या आत ठेवून. आणि हे सगळे अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे तुमच्या मशीनवर आरामात होतात, ह्यातलं काहीच शस्त्राचा भाग नाही.

हिंगणा_टर्नर
हे भारी आहे! रायझर, वजनं, बटप्लेटची प्लेट, हे तर सुटीच्या शिफ्टला करून टाकीन, स्क्रॅपमधला ६०६१ अ‍ॅल्युमिनियम पडलेला असतोच. काका, ह्याला परवानगी आहे ना?

कामठीरोडचे_काका
हो रे बाबा, गालाला लाकूड लावायला कोण पकडते. नळी, व्हॉल्व्ह, ट्रिगर, हवेची ताकद, ह्यांना हात नको. बाकी कर.

बर्फातला_वऱ्हाडी
टर्नर भाऊ, मशीन आहे तर एक गोष्ट आधी बनव. टेस्ट व्हाइस. रायफल त्यात घट्ट बांधायची म्हणजे माणसाची चूक बाजूला होते, मग वेगवेगळे छर्रे मारून बघायचे की तुझ्या नळीला कुठला आवडतो. आम्ही .२२ च्या गोळ्यांचे लॉट असेच तपासतो. एकाच कंपनीची, एकाच नावाची गोळी, लॉट बदलला की ग्रुप बदलतो.

दहा_पॉईंट_नऊ
छर्ऱ्यांतही तेच. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं डोक्याचं माप लिहिलेलं असतं. नवा छर्रा लावला की पहिले काही शॉट सोडून द्यायचे, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो, मग दहाचा ग्रुप. चांगल्या मॅच रायफलमधून, छर्रा जुळला तर, दहा छर्ऱ्यांचं एकच भोक दिसतं, बाहेरून बाहेर मोजलं तर साडेपाच-सहा मिमी. छर्राच साडेचारचा आहे हे लक्षात घ्या. जुळला नाही तर तीच रायफल आठ-नऊ मिमी देते आणि पोरगं बिचारं स्वतःला दोष देत बसतं. एका वेळी दोन-तीन प्रकारचे डबे आणून तपासा, आवडला तो मग त्याच लॉटचा जास्तीचा घेऊन ठेवा.

तर्रीबाज
आमच्या इथे पोह्यावर तर्रीचा लॉट बदलला तरी ग्रुप बिघडतो.

इतवारी_हार्डवेअर
हवेचा प्रश्न कोणी काढला नाही. पीसीपी भरायची कुठे नागपुरात? मी हातपंप आणला होता, दोनशे बारपर्यंत न्यायचं म्हणजे वरच्या टप्प्यात एकेका दांड्याला अंगाचं पाणी होतं.

धंतोली_ते_ह्यूस्टन
हातपंपात पाणी अंगाचं नाही, हवेचं होतं, खरंच. दमट हवा दाबली की पाणी सुटतं आणि सिलिंडरमध्ये जातं, आतून गंज, सील खराब. नागपूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये तर विचारूच नको. पंपाला ड्रायर लावा, मधे मधे थांबून पंप गार होऊ द्या. क्लबमध्ये मोठा सिलिंडर असेल तर तिथून भरणं सगळ्यात बरं.

हिंगणा_टर्नर
आणि उन्हाळ्यात? मे महिन्यात बाईकच्या डिकीत, गाडीत वगैरे ठेवलं तर? इथे ४५ च्या पुढे जाते.

धंतोली_ते_ह्यूस्टन
गणित तूच कर, तुझाच विषय आहे. २५ अंशाला २०० बार भरला, बंद गाडीत आतलं ६५ झालं, म्हणजे २९८ केल्विनवरून ३३८. दाब त्याच प्रमाणात, साधारण २२७ बार. सिलिंडर जास्तीचा दाब सोसेल असा बनवलेला असतो म्हणून फुटत नाही लगेच, पण रोज हा खेळ करायचा नाही. मे महिन्यात रायफल माणसासोबत आत आणायची, गाडीत सोडायची नाही. भरतानाही हळू भरायचं, घाईत भरला की गरम होतो, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर १८० वर येतो, मग लोक दुकानदाराला शिव्या घालतात.

गोकुळपेठ_सुतार
लाकडाचंही तसंच. मे मध्ये सुकलेलं, ऑगस्टमध्ये फुगलेलं. स्टॉकचे स्क्रू ऋतू बदलला की टॉर्क रेंचनं तपासा. एकदा आमच्या मुलाचा झिरो, म्हणजे साइटची जुळवणी, पावसाळ्यात सरकला, तो पीपला दोष देत होता, निघाला पुढचा स्क्रू सैल.

पवनीचा_पाटील
आमच्या .३१५ चा स्क्रू तर आजोबा गेल्यापासून कोणी पाहिलाच नाही.

कामठीरोडचे_काका
पाटील, लायसनचं नूतनीकरण तरी पाहिलं का? आजोबा गेल्यावर वारसाच्या नावानं अर्ज करावा लागतो. उद्याच जा.

पवनीचा_पाटील
काका, बाबांच्या नावावर झालं आहे. तुम्ही लय घाबरवता.

हिंगणा_टर्नर
चला, मी असं ठरवलंय, बघा बरोबर वाटतं का. बोल्ट अ‍ॅक्शनचं स्वप्न क्लबमध्ये .२२ ला जेव्हा हात लागेल तेव्हा. आधी रेंजवर जाऊन क्लबची एअर रायफल मारून बघतो. मन लागलं तर देशी पीसीपी, पैसे उरतील ते छर्रे आणि जॅकेट. टेस्ट व्हाइस आणि रायझरचं ड्रॉईंग आजच रात्री काढायला घेतो. स्कोप नको.

महाल_मास्तर
ड्रॉईंग नंतर काढ. आधी पाण्यानं भरलेली बाटली हातात धरून रोज उभा राहा. अर्ध्या तासात कळेल स्वप्न कुठल्या पोझिशनचं आहे.

दहा_पॉईंट_नऊ
बाटलीचं मास्तरांनी बरोबर सांगितलं, आणि मी त्यांच्याशी सहमत होतेय हे ह्या धाग्यात पहिल्यांदा घडतंय. फक्त हात दुखेपर्यंत नको, कंबर पुढे ढकलून कोपर कमरेच्या हाडावर टेकवून धरा, वजन हाडांवर गेलं पाहिजे, दंडावर नाही. व्हाइसचं ड्रॉईंग झालं की इथे टाका, मलाही एक हवाय, अ‍ॅल्युमिनियमचे पैसे देईन.

हिंगणा_टर्नर
पैसे कशाचे ताई, बदल्यात छर्ऱ्यांचे वेगवेगळे डबे द्या तपासायला. नळीला पकडणाऱ्या जबड्यात रबर लावू की डेलरिनचं कडक प्लास्टिक?

दहा_पॉईंट_नऊ
नळीला पकडूच नका, ती वाकते आणि चाचणी खोटी येते. अ‍ॅक्शनच्या बॉडीला किंवा स्टॉकखालच्या रेलला पकडा. डेलरिन चालेल. माझ्याकडे ४.४९ चा अर्धा डबा आणि ४.५० चा एक पडून आहे, मेसेज करा.